हातच्याची वजाबाकी

माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठावर पाइनचं जंगल आहे,
दाट, धुक्यातलं.
आमच्या फेरो बेटांवर झाड म्हणाल तर
चर्चमागचं ते वाकडं रोवन,
तेही भिंतीआड,
वारा आणि मेंढ्या, दोघांना चुकवून.

हे जंगल कुठलं, हेदिन?
विकत घेतलंय, म्हणाला. लांब आहे.
नाव त्यालाही नीट उच्चारता आलं नाही.

मी रान्वा. सामनच्या कंपनीत हिशेब लिहिते.
खाडीत आमची सोळा गोल जाळी आहेत,
आणि आत मासे, दिवसरात्र एकाच दिशेने फिरणारे.
संचालकांना उन्हाळ्याआधी हवं होतं
एक साल आणि एक शून्य.
साल ठरलेलंच होतं: दोन हजार पन्नास.
तेव्हा हेदिन एक्याण्णवचा असेल.
उचलली जीभ, लावली टाळ्याला.

मोजायला कुठून सुरुवात करू, विचारलं,
तर म्हणाला, दोन हजार सोळा धर.
त्या वर्षी आमची जुनी खाद्यबोट
धूर ओकत, खोकत, कशीबशी तरंगत होती.
तिथून मोजलं की आपण आत्ताच निम्म्यावर आलोय,
काहीही न करता.

रात्री मी पुन्हा बेरीज मांडली.
बोटींचं डिझेल, कचेरीतले दिवे, हेदिनची गाडी:
एवढंच होतं त्याच्या कागदावर.
मी खाली लिहिलं, माशांच्या पोटातलं सोयाबीन,
ते जिथे उगवलं तिथे आधी काय उभं होतं ते.
आणि लिहिलं विमान,
बर्फाच्या पेट्या घेऊन शांघायला निघणारं,
कारण तिकडच्या ताटात मासा ताजा लागतो.
आकडा सातपट झाला.
खिडकीबाहेर जाळ्यांवरचे दिवे
होते तसेच होते.

शाळेत बाई सांगायच्या,
वरचा अंक पुरेना, तर शेजारच्या घरातून हातचा घ्या.
पण घेतलात की त्या घरातल्या अंकावर काट मारा,
तिथे एक कमी झालाय, हे दिसू दे.
काट विसरलं की उत्तर छान येतं
आणि चुकतं.

बैठकीला टुमासही होता, कामगारांच्या वतीने,
अंगावर अजून रबरी डगला.
जंगलाचं पान त्याने बराच वेळ पाहिलं.
आमच्याकडे शरदात मेंढ्या डोंगरावरून खाली आणतात,
प्रत्येकीच्या कानावर घराची खूण कापलेली असते,
दुसऱ्याची मेंढी आपल्या वाड्यात मोजली
तर तीन पिढ्या बोलणं बंद.
टुमास म्हणाला, या झाडांचे कान बघितलेत का कुणी?

कुणी हसलं नाही.
मग जरा उशिरा हेदिन हसला,
आणि थांबला.

जंगल पत्रकावरून गेलं.
सोयाबीन आत आलं, विमान आत आलं,
सोळा साल काढून गेल्या वर्षीचा आकडा बसला,
कुरूप, खरा.
पन्नासच्या आधी तीस साल आलं,
त्याच्यापुढे निम्मं,
आणि कोण काय कधी बंद करणार, त्याची नावं.
दोन नावांपुढची जागा अजून कोरी आहे.
शांघायच्या गिऱ्हाइकाला कुणी फोन करायचा,
यावर पाऊण तास गेला.
फोन मीच करायचा, असं ठरलं.

शून्य कुठे आहे मग? शेवटी कुणीतरी विचारलं.
मी फळ्याकडे पाहिलं.
सकाळी काढलेला गोल
टुमासच्या ओल्या बाहीने अर्धा पुसला गेला होता.

आज पहाटे खाद्याचं जहाज आलं.
धक्क्यावर उभं राहून मी गोण्या मोजल्या,
हातात पेन्सिल होती,
बोटं गारठलेली.
दोनशे चाळीसनंतर चुकले,
पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागले.